झूम एच१ इसेन्शियल : बडोद्यात भटकत निबंधपट करणाऱ्यांच्या नजरेतून

शहरातून पायी फिरायचं, इमारती आणि रिकाम्या जागा टिपायच्या आणि त्यावर एका आवाजात मनातलं बोलत जायचं, असा निबंधपट करायचं डोक्यात आलं की बहुतेक जण आधी गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ, विकत घेतात. या कामासाठी तो पैसा वाया जातो. पॅट्रिक कीलरच्या ‘लंडन’मध्ये (१९९४) कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. ३५ मिमीच्या फिल्मवरच्या स्थिर चौकटी एकामागून एक येतात. ज्याच्या भटकंतीची गोष्ट चालली आहे तो रॉबिन्सन शेवटपर्यंत दिसत नाही, निवेदकही दिसत नाही. ऐकू येतो तो फक्त पॉल स्कोफील्डचा आवाज. क्रिस मार्करने ‘साँ सोलेय’ (१९८३) मुक्या १६ मिमी कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि आवाज वेगळ्या कॅसेट रेकॉर्डरवर घेतला. चित्र थांबलेलं असतं, फिरतो तो आवाज. म्हणून हातात मध्यम प्रतीचा फोन आणि एक दणकट ट्रायपॉड असेल तर पुढचा खर्च ध्वनीवर करावा. त्यासाठी बाजारात आज जी सर्वांत लहान आणि स्वस्त वस्तू विचारात घेण्यासारखी आहे ती म्हणजे झूम कंपनीचा एच१ इसेन्शियल. सगळ्यांनी तो घ्यावा असं मात्र नाही.

२०२४ साली आलेला हा खिशात मावणारा रेकॉर्डर. वरच्या टोकाला एकमेकांशी ९० अंशांचा कोन करणारे दोन माईक, खाली छोटा पडदा, मागे ट्रायपॉडचा आटा, कडेला यूएसबी-सीचं तोंड. दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. कंपनी अल्कलाइन सेलवर १० तासांपर्यंत सांगते. आवाज मायक्रो एसडी कार्डावर जातो, कार्ड वेगळं घ्यावं लागतं. अमेरिकेत तो ९९.९९ डॉलरला बाजारात आला. इथली किंमत आयातीनुसार वरखाली होते, त्यामुळे विकत घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही विचारून घ्या. नुसता रेकॉर्डर घेऊन काम भागत नाही हेही आधीच सांगतो. वारा अडवायला माईकवर चढवायचं केसाळ विंडशील्ड, तारेचे बंद कानाचे हेडफोन, ३२ जीबीचं कार्ड आणि चार रिचार्जेबल सेल, हे सगळं धरून हिशेब करा. विंडशील्ड टाळून पैसे वाचवणाऱ्यांचं रेकॉर्डिंग सूरसागर तळ्याच्या पाळीवर पहिल्याच संध्याकाळी बाद होतं.

या यंत्राची जाहिरात ज्या एका गोष्टीवर चालते ती म्हणजे ३२-बिट फ्लोट. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण अर्धी निराशा तिथूनच येते. साध्या रेकॉर्डरवर आवाजाची पातळी आधी ठरवावी लागते. पातळी जास्त ठेवली तर मोठ्या आवाजाला लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो; कमी ठेवली तर बारीक आवाज खरखरीत बुडतो. एच१ इसेन्शियलमध्ये पातळीचं बटणच नाही. आत आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर आहेत, एक मोठ्या आवाजासाठी आणि एक बारीक आवाजासाठी, आणि दोघांचं मिळून जे येतं ते अशा आकड्यांत साठवलं जातं की नंतर संगणकावर आवाज वरखाली केला तरी मूळ लाट शाबूत राहते. जुन्या शहरातल्या मांडवीच्या इमारतीखाली उभं राहून कबुतरांची फडफड टिपताना अचानक कानाशी रिक्षाचा हॉर्न वाजला तर जुन्या पद्धतीत तो तुकडा गेला. इथे तो राहतो. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दिवशी गच्चीवर तर याचा खरा उपयोग. क्षणभर नुसता वारा आणि मांज्याची सळसळ, पुढच्या क्षणी चार गच्च्यांवरून ‘काप्यो छे’ आणि थाळ्या. पातळी सांभाळत बसावं लागत नाही, चौकटीकडे लक्ष देता येतं.

पण ३२-बिटचा तात्त्विक पल्ला १५०० डेसिबलच्या वर आहे हा आकडा फक्त फाईलचा आहे. त्याआधी माईक येतो, आणि हे माईक १२० डेसिबलपर्यंतच्या दाबासाठी आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर किंवा ढोलाच्या अगदी तोंडाशी धरला तर आवाज माईकमध्येच फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कितीही बारकाईने साठवला तरी फाटलेलाच राहतो. दुसऱ्या टोकालाही तेच. माईकची आणि आतल्या सर्किटची स्वतःची खरखर असते. शांत जागेत टिपलेला आवाज नंतर ३० डेसिबल वाढवला की ती खरखरही तेवढीच वर येते. वाऱ्याचं तर काही विचारूच नका. वारा माईकच्या आतल्या पडद्याला थेट ढकलतो, आणि त्यातून येणारा ढब-ढब आवाज ही खरीखुरी लाट असल्यामुळे यंत्र ती इमानेइतबारे लिहून ठेवतं.

आता जागांकडे. लहरीपुऱ्यापासून न्यायमंदिर, मांडवी आणि तिथून चांपानेर दरवाजा किंवा पाणीगेट, ही चाल बडोद्याच्या निबंधपटासाठी सगळ्यांनाच सुचते आणि त्यात गैर काही नाही. चार दिशांना चार दरवाजे आणि मधोमध मांडवी, इतका सरळ आराखडा असलेलं जुनं शहर सहसा मिळत नाही. अडचण आवाजाची आहे. सकाळी आठनंतर या रस्त्यावर दुचाक्यांचा एकसंध घोंगाट असतो आणि एका जागेचा आवाज दुसऱ्या जागेहून वेगळा ओळखू येत नाही. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ धरा. शटर वर जाण्याचा आवाज, दुधाच्या कॅनचा आवाज, देवळातली घंटा, खराट्याची खरखर एकेक करून सुटे ऐकू येतात, आणि सुटे आवाजच संकलनात उपयोगी पडतात. न्यायमंदिराच्या (१८९६) कमानींखाली दगडामुळे आवाज किंचित लांबतो. तिथे यंत्र भिंतीला चिकटून ठेवू नका. भिंतीवरून परतणारा आवाज आणि थेट येणारा आवाज एकमेकांत मिसळून डबा बडवल्यासारखं काहीतरी हाती येतं. भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर पुढे, छातीच्या उंचीवर ठेवा.

तांबेकर वाडा ही या यंत्राची खरी परीक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा. भिंतींवर चित्रं, जिने अरुंद. अशा घरात लाकूड आवाज शोषून घेतं आणि बाहेरच्या पोळातला, म्हणजे गल्लीतल्या वस्तीतला, संसार, भांडी, रेडिओ, हाका खिडकीतून दबून आत येतो. या निबंधपटाला हवा तो नेमका हाच आवाज, पण तो इतका बारीक असतो की एच१ इसेन्शियलची खरखर त्याच्या शेजारी उघडी पडते. उपाय दोन. एक म्हणजे यंत्र खोलीच्या मध्यभागी न ठेवता खिडकीच्या चौकटीपासून हातभर अंतरावर ठेवायचं, म्हणजे मूळ आवाजच मोठा मिळतो. दुसरा म्हणजे वाढवण्याचा मोह आवरायचा. अंतिम मिश्रणात ही खोली शांतच राहू द्या. प्रेक्षकाने कान द्यावा, त्यात नुकसान नाही. वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून ट्रायपॉड आणि चित्रीकरणासाठी परवानगी आधी काढून ठेवा. दारावर हुज्जत घालून काही होत नाही, आणि ज्या दिवशी हुज्जत घातली त्या दिवशीचा प्रकाशही जातो.

स्मृतीचा प्रश्न याहून अवघड, आणि तिथे कुठलंही यंत्र अपुरं पडतं. दभोईच्या छोट्या लाईनचं उदाहरण घ्या. गायकवाडी संस्थानाने १८६२मध्ये मियागाम ते दभोई हा नॅरोगेज मार्ग टाकला तेव्हा डबे बैल ओढत. वाफेचं इंजिन पुढे आलं. आज प्रतापनगरहून दभोईकडे ब्रॉडगेज जाते. नॅरोगेजच्या त्या खडखडाटाच्या जागी आता जो आवाज मिळतो तो कुठल्याही स्टेशनावर मिळेल असा आहे. गायकवाडांच्या नजरबाग पॅलेसचं तर सगळंच संपलेलं. इमारत उभीच नाही. अशा ठिकाणी नेटवरून जुन्या गाडीचा तयार आवाज उतरवून चिकटवणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण प्रेक्षक तो लगेच ओळखतो आणि मग तुमच्या खऱ्या आवाजांवरही विश्वास ठेवत नाही. आजच्या जागेचा आजचाच आवाज पाच मिनिटं घ्या, चौकट हलवू नका, आणि जे गेलं ते निवेदनाला सांगू द्या. चित्र आणि शब्द यांत अंतर पडलं पाहिजे. ते पडलं की बघणारा स्वतः ते भरायला लागतो.

प्रत्यक्ष काम करताना. पहिल्यांदा चालू केल्यावर यंत्र भाषा आणि तारीख-वेळ विचारतं; तारीख टाळू नका, तीनशे फाईलींत ‘पाणीगेट, पावसाआधी’ शोधताना तीच कामी येते. सेलचा प्रकार मेनूत बरोबर निवडा. रिचार्जेबल सेल घालून मेनूत अल्कलाइन तसंच राहिलं तर बॅटरीची पातळी चुकीची दिसते. कार्ड संगणकावर नव्हे, यंत्रातच फॉरमॅट करा. नमुना-दर (सॅम्पल रेट) ४८ किलोहर्ट्झ पुरे, व्हिडिओचा तोच असतो. या दराने स्टीरिओ ३२-बिट फाईल तासाला साधारण १.४ जीबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे २३ तास. ९६ किलोहर्ट्झवर जागा दुप्पट लागते आणि या माईकांकडून त्या बदल्यात कानाला काही मिळत नाही.

दरेक ठिकाणी निदान तीन मिनिटं सलग घ्या. पडद्यावरची चौकट बारा-पंधरा सेकंदांची असली तरी आवाज तीन-चार चौकटींवरून वाहत न्यायचा असतो. चौकट बदलली की आवाजही तुटला, तर भटकंतीची स्लाइड-मालिका होते. सुरुवातीचे आणि शेवटचे दहा सेकंद यंत्राला हात लावू नका. अंग प्लास्टिकचं आहे आणि बोटांची हालचाल आत स्पष्ट उतरते; हातात धरून टिपायचं असेल तर छोटा टेबल-ट्रायपॉड जोडून त्याची मूठ करा, बराच फरक पडतो. शेवटी हळू आवाजात जागा आणि वेळ बोलून ठेवा. पातळीचं बटण नाही म्हणून हेडफोन घरी ठेवायची सवय लागते, ती वाईट. जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, विंडशील्ड नीट न बसल्याची खरखर, खिशातला फोन, यातलं काहीही ३२-बिट दुरुस्त करत नाही, कानच पकडतात.

विश्वामित्री नदीच्या पुलावर, काळा घोडा पुतळ्याजवळ, दोन आवाज एकमेकांवर बसलेले असतात. वर वाहतूक, खाली नदीकाठच्या झाडीतले पक्षी. रेकॉर्डर कठड्यावर ठेवला तर अवजड गाडीसरशी पूल थरथरतो आणि ती थरथर घुमत आत जाते. ट्रायपॉड जमिनीवर, पायांखाली दुमडलेला टॉवेल, माईक नदीच्या दिशेने, आणि खालची घरघर गाळणारा मेनूतला लो-कट चालू. कमरेएवढ्या उंचीवर कठडाच वाहतुकीचा थोडा आडोसा करतो. मगरींचा आवाज मिळेल या आशेवर पाण्यापर्यंत उतरू नका. या नदीत त्या खरंच आहेत.

फोनवर चित्रण करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर ट्यूबलाइटचं आणि दुकानातल्या स्वस्त एलईडींचं लुकलुकणं चौकटीत येऊ शकतं. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. चित्र आणि ध्वनी तंतोतंत जुळवायची गरज या प्रकारात क्वचित पडते. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळं थोडी वेगळी चालतात, तासाभराच्या सलग मुलाखतीत दोन-तीन फ्रेमचा फरक सहज पडतो. पण मांडवीच्या सर्वसाधारण गजबजाटाला ते कळतही नाही. कुणी कॅमेऱ्यासमोर बोलत असेल तरच सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा.

निवेदन याच यंत्रावर होतं, आणि कौतुकाने सांगावं इतकं चांगलं होतं, फक्त खोली निवडावी लागते. पंखा बंद, फ्रिज बंद, मागे गादी उभी केलेली, टेबलावर गोधडी. तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर, पण अगदी समोर नको. तीसेक अंश बाजूला ठेवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फुंकारे माईकवर आदळत नाहीत. दोन माईक डावीकडे-उजवीकडे तोंड करून असल्याने वाचताना मान हलली की आवाजही खोलीत हिंडतो. म्हणून निवेदनाची फाईल संकलनात मोनो, म्हणजे दोन्हींची मिळून एकच पट्टी, करा. मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास वाचा. पंधरा सेकंदांच्या चौकटीवर पंचवीसेक शब्द बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडा श्वास उरतो. बडोद्याच्या मराठीतच लिहा, मध्येच एखादा गुजराती शब्द आला तर येऊ द्या. दांडिया बाजारातल्या घरातून पुण्याच्या बातम्यांसारखा आवाज आला तर चित्रपट कुठल्या शहराचा हेच कळेनासं होतं.

संकलनासाठी ऑडॅसिटी ही संगणकप्रणाली फुकट आहे आणि तिचं कामकाज मुळातच ३२-बिट फ्लोटवर चालतं. फाईल उघडल्यावर लाटा वरच्या रेषेला जाऊन कापलेल्या दिसल्या तर घाबरू नका. सगळं निवडून ॲम्प्लिफायमध्ये माथा उणे ३ डेसिबलवर आणा, कापलेली वाटणारी लाट पूर्ण दिसू लागते. हे काम आधी करा आणि मगच १६ किंवा २४ बिटची प्रत काढा. उलटं केलं तर माथा कायमचा गेला. खरखर पुसणारं नॉइज रिडक्शन जपून. जास्त चढवलं की कबुतरांची फडफड पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडते. निवेदनाखालचा परिसराचा आवाज ८ ते १२ डेसिबल खाली घ्या, आणि हॉर्न तरीही शब्द खात असतील तर परिसराच्या पट्टीवर २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल कापा. व्यंजनांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते. नियम मोडायचाही एक रस्ता आहे. शांताल अकरमानच्या ‘न्यूज फ्रॉम होम’मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आईची पत्रं वाचली जातात आणि वाहतूक, भुयारी रेल्वे ती मधूनमधून गिळून टाकतात. तिथे शब्द हरवणं हाच मुद्दा आहे. पण तो मुद्दा करायचा तर हरवणारं वाक्य तुम्ही निवडायला हवं, रावपुऱ्यातल्या बसने नव्हे.

मग कुणी घेऊ नये? ज्यांना मुख्यतः मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांनी. ३.५ मिमीच्या तोंडाला कॉलर माईक लागतो, पण मग अंगचे माईक वापरता येत नाहीत. व्यावसायिक माईक जोडायच्या एक्सएलआरची सोय तर नाहीच. कीर्तनाची किंवा मैफलीची गंभीर रेकॉर्डिंग करायची असतील तर मोठ्या माईकचं यंत्र बघा. ज्यांच्याकडे आधीचा एच१एन आहे आणि पातळी सांभाळायचा हात बसला आहे, त्यांनी फक्त ३२-बिटसाठी बदलायची घाई करू नये. तोही ९० अंशांच्याच माईकांचा आणि २४-बिटचा आहे, आणि सूरसागरच्या संध्याकाळीला २४ बिट पुरून उरतात. तो पैसा विंडशील्डमध्ये आणि हेडफोनमध्ये घाला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आधी फोनच्याच रेकॉर्डरवर मांडवीची एक पहाट टिपून संगणकावर ऐकावी. आवाज आपोआप चढतो-उतरतो, शांत जागेत खरखर फुगते आणि घंटा वाजताच बाकी सगळं दबतं, हे ज्यांना ऐकू येतं आणि खटकतं त्यांना या रेकॉर्डरचे पैसे जड जाणार नाहीत.